उभ्या गाडीच्या पोटातलं पेट्रोल

बंद पडलेली गाडी वेगळी आणि बंद ठेवलेली गाडी वेगळी. पहिलीत काहीतरी एक मोडलेलं असतं. दुसरीत बहुधा मोडलेलं काहीच नसतं, पण सगळंच थोडं थोडं बदललेलं असतं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दोन-तीन महिन्यांनी लोक गाड्यांना किका मारू लागले, तेव्हा हे पुष्कळांच्या लक्षात आलं. बॅटऱ्या उतरलेल्या, कार्ब्युरेटर चिकटलेले, आणि गॅरेजपुढे ही रांग!

आज हे लिहायला निमित्त अण्णांच्या येझदीचं. घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, 1981 साली घेतलेली ही गाडी 2011 पासून मागच्या पडवीत उभी आहे. अण्णा गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, भंगारवाला येऊन गेला. देऊन टाकू का?" पुतण्या पुण्याहून फोनवर म्हणाला, "काका, इंजिन जाम आहे, संपलं ते." मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. पुरावा तपासल्याशिवाय एखादी गोष्ट संपली म्हणणं मला पटत नाही. म्हणून थोडं खोलात गेलो.

आधी गाडीविषयी. झेकोस्लोवाकियात फ्रान्तिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'या' (झेक लिपीत तो जे या अक्षराने लिहितात) आणि वाँडररमधला 'वा', यांतून झाली जावा. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली आणि 1961 पासून तिथे जावा तयार होऊ लागली. पुढे सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं. इराणमधल्या याझ्द शहरावरून ते आलं म्हणतात. गंमत अशी की झेक भाषेत 'येझदी' याचा अर्थ 'चालते'! आमची मात्र पडवीत उभी.

ही गाडी टू स्ट्रोक. गिअरचा दांडा तोच किकचा दांडा, आणि पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं. पंपावर "दोन लिटर, टूटी टाकून" असं सांगितलेलं आमच्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. आता अशी गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की काय होतं? कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं. पेट्रोल उडता उडता हवेशी संयोग पावून आपलाही एक डिंक मागे ठेवतं. तो जेटच्या केसाएवढ्या भोकात बसला, की कितीही किका मारा, इंजिनापर्यंत पेट्रोल पोचतच नाही. हा आजार जुनाच.

पण पेट्रोल तरी कुठे तेच राहिलंय? मला यातला खरा इतिहास इथे दिसतो. आमच्या तरुणपणी पेट्रोलमध्ये शिसं असे. 1921 साली थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाला असं आढळलं की शिशाचं एक संयुग घातलं तर इंजिनातली ठोकठोक थांबते. मग ते जगभर गेलं आणि जगभरच्या मुलांच्या रक्तातही गेलं. आपल्याकडे 1995 मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर तेवढंच उरलं. तेव्हा जुन्या फोर स्ट्रोक गाड्यांच्या मालकांना धास्ती होती, की शिशाविना व्हॉल्व्हच्या बैठका झिजतील. येझदीवाल्यांना मात्र काळजी नव्हती, कारण तिच्या इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत.

तिला त्रास द्यायला आली ती पुढची गोष्ट, इथेनॉल. आपल्या उसाच्या मळीपासून होणारा अल्कोहोल. ही कल्पना नवी नाही, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा 1948 सालीच झाला होता. पण जोर आला 2003 पासून. तेव्हा महाराष्ट्रासह नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झालं, 2022 च्या जूनमध्ये देशात 10 टक्के गाठलं, आणि 2025 मध्ये 20 टक्के. आमच्या भागातल्या ऊसवाल्यांना त्याने चार पैसे मिळाले, त्याला माझी ना नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कॉक तळातूनच ओढतो! शिवाय जुन्या गाड्यांचे रबर इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नव्हते. रोज फिरणाऱ्या गाडीत टाकी भरते, रिकामी होते, पाण्याला बसायला सवड मिळत नाही. उभ्या गाडीत सवडच सवड.

आमच्या पेठेतले एक जुने मिस्त्री येऊन गाडी बघून गेले. ते म्हणाले, पहिली किक मारायची नाही. प्लग काढायचा, आत थोडं ऑइल सोडायचं, दोन-तीन दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने हळूहळू फिरवायचं. जाम म्हणजे पुष्कळदा रिंगांवर धरलेला नुसता गंज. सायलेन्सरच्या वाटेने ओल थेट सिलेंडरपर्यंत जाते. मग बॅटरी, कारण या गाडीत बॅटरी मेली की ठिणगीची मारामार. मग पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे क्रँकचे सील. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँकच्या खोलीत येतं. वाळून कडक झालेल्या सीलमधून तिथे हवा शिरली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी सुरू होऊनही तापून पिस्टन धरते. म्हणजे "झाली सुरू!" म्हणून लगेच गावभर फिरवणारा फसतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. 2018 मध्ये जावा हे नाव परत आलं, 2022 मध्ये येझदीही, पण ही इंजिनं फोर स्ट्रोक, त्यांचे भाग आमच्या गाडीला काय कामाचे? सुदैवाने हौशी लोक आणि जुने दुकानदार यांनी सील, पॉइंट, गॅस्केट जिवंत ठेवली आहेत.

काल मिस्त्रींनी प्लग काढून ऑइल सोडलं. टाकीत बॅटरी मारून पाहिलं तर तळाशी चहाच्या रंगाचा थर आणि गंज. आत खडी टाकून हलवावी लागेल म्हणाले. रविवारी हाताने फिरवून बघणार आहोत. वहिनींनी भंगारवाल्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय.