फैजपूर १९३६ : खेड्यातले अधिवेशन आणि शेतकऱ्याचा जमाखर्च

तापीच्या उत्तरेकडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या काळ्या, खोल जमिनीच्या पट्ट्यात यावल तालुक्यातील फैजपूर हे गाव वसलेले आहे. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले, आणि १८८५ पासून एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत आलेली ही संस्था ठरवून खेड्यात आलेली प्रथमच दिसली. या घटनेच्या आठवणी खान्देशात आजही अभिमानाने सांगितल्या जातात. मात्र त्या आठवणींत बांबूचे नगर, बैलांचा रथ आणि नेत्यांची मांदियाळी जितकी ठळक आहे, तितका त्याच आठवड्यात त्याच गावात भरलेला किसान सभेचा मेळावा ठळक नाही. वास्तविक शहराने खेड्याला भेट देणे आणि खेड्याने आपला जमाखर्च शहरासमोर मांडणे या दोन्ही गोष्टी फैजपुरात एकदमच घडल्या, आणि दुसरी ध्यानात घेतल्याशिवाय पहिलीचे मोल नीट ठरवता येत नाही.

फैजपूर म्हणजे चार झोपड्यांची वस्ती, असा समज अधिवेशनाच्या वर्णनांवरून होऊ शकतो, पण तो बरोबर नाही. हा जुना कसबा होता, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार, कारागीर आणि सावकारी पेढ्या जेथे एकवटतात असे मोठे गाव. येथील सुती कापडावरची छपाई, निळी व तांबडी रंगाई आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या लाकडाचा आठवडी बाजार यांची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी घेतलेली आहे. जवळचे रेल्वे स्थानक सावदा आणि मोठे जंक्शन भुसावळ असल्याने देशभरातील प्रतिनिधींना येथे पोहोचणे शक्य होते. तरीही गावाचा खरा आधार शेती हाच होता, आणि शेतीचा आधार कापूस.

सरकार आणि शेतकरी यांच्यातील ताण या परिसराला नवा नव्हता. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे आल्यावर येथे रयतवारी पद्धत लागू झाली. या पद्धतीत मध्ये जमीनदार नसतो. प्रत्येक खातेदार आपल्या जमिनीचा सारा, म्हणजे सरकारी महसूल, परस्पर सरकारात भरतो, आणि तो किती भरायचा हे जमिनीची मोजणी व प्रतवारी करून ठरवले जाते. १८५२ साली ही मोजणी सावदा, रावेर, चोपडा या भागांत पोहोचली, तेव्हा मोजणीमागून साऱ्याची वाढ येणार या धास्तीने शेतकऱ्यांनी मोठे जमाव करून तिला विरोध केला, मोजणीचे काम अडवले, आणि सरकारला फौज आणून पुढाऱ्यांना पकडावे लागले. विरोध मोडला आणि मोजणी पुढे चालू झाली. फैजपूर सावद्याला लागूनच आहे, त्यामुळे १९३६ च्या अधिवेशनाला आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांच्या बापआजांनी ते दिवस पाहिलेले असणार, असे मानायला हरकत नाही.

त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत कापसाने खान्देशाचे रूप पालटले. १८६० च्या दशकात रेल्वे आली, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला अपूर्व मागणी आली, आणि पुढे सरकी वेगळी करणारे जिन व गाठी बांधणारे प्रेस जळगाव, धुळे, अमळनेर अशा गावी उभे राहिले. बाजाराशी बांधलेल्या या शेतीत पैसा आला खरा, पण तिचा हिशेब शेतकऱ्याच्या हातात राहिला नाही. बियाणे, बैल, निंदणी आणि वेचणी यांचा खर्च आधी करावा लागे आणि तो बहुधा सावकाराच्या वहीतून होई; कापूस घरात येताच त्या वहीतली बाकी आणि सरकारचा हप्ता दोन्ही एकदम दारात उभे राहत, म्हणून भाव चढेपर्यंत माल थांबवून धरण्याची ताकद फार थोड्यांकडे असे. साऱ्याचा आकार तीस वर्षांसाठी ठरलेला आणि रोखीने भरायचा; त्यात सूट किंवा तहकुबी मिळायची तर आणेवारीवर, म्हणजे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले या सरकारी अंदाजावर, सारे अवलंबून असे. आणेवारी पिकाचा अंदाज घेत असे, भावाचा नव्हे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा शेतात पीक चांगले उभे असूनही सारा भागेना, अशी अवस्था आली आणि तिच्यावर आणेवारीत काहीच उत्तर नव्हते. फैजपूरच्या अधिवेशनाचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर त्याची सुरुवात या हिशेबापासून करावी लागते.

अधिवेशन खेड्यात घेण्याची कल्पना महात्मा गांधींची होती. १९३४ साली ते काँग्रेसच्या सभासदत्वातून बाहेर पडले आणि त्याच वर्षअखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन करून त्यांनी आपले लक्ष खेड्यातील उद्योग, सफाई आणि आहार यांकडे वळवले. अधिवेशनावर होणारा खर्च खेड्याच्या पदरात पडावा, आणि शहरी कार्यकर्त्याने काही दिवस तरी खेड्यातील साधनांवर राहून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना त्यांनी बोलावून घेतले, म्हात्रे या स्थापत्यतज्ज्ञांची जोड दिली, आणि ‘टिळकनगर’ नावाची वसाहत आकाराला आली. तिच्यातील प्रवेशद्वारे, निवास आणि प्रदर्शनाचे मांडव यांना बांबू, चटया, सुंभ, गवत असे जवळपास मिळणारेच साहित्य वापरलेले होते. सजावटीसाठी बाहेरून काही आणायचे नाही ही अट नंदलालांनी अडचण मानली नाही. चटईची वीण, दोरीची गाठ आणि बांबूची उभी रेघ हेच त्यांनी शोभेचे घटक केले. गांधींनी २५ डिसेंबर रोजी ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन केले, तेव्हा या दोघांच्या कामाचा त्यांनी मुद्दाम गौरव केला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांना बैल जुंपलेल्या, ग्रामीण पद्धतीने सजवलेल्या रथातून नेण्यात आले. ध्वजारोहणाच्या वेळी ध्वज खांबावर मध्येच अडकला आणि शिरपूरच्या एका तरुणाने वर चढून तो मोकळा केला, ही हकीकत तर खान्देशात घरोघरी ठाऊक आहे.

एवढा पसारा उभा राहिला तो मुख्यतः स्थानिक माणसांच्या बळावर. पोलीस खात्यातील नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांना या कामाला लावले. अमळनेरच्या शाळेतील शिक्षकी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी प्रचारासाठी खान्देशभर फिरले. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते. रावेर–यावल पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी या पाहुणचारात जे दिले, त्याची मोजदाद कोणत्याही अहवालात पुरती आलेली नाही, आणि ही उणीव संशोधकांनी भरून काढण्यासारखी आहे.

आता त्या दुसऱ्या मेळाव्याकडे वळता येईल. अखिल भारतीय किसान सभा एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे स्थापन झाली, तेव्हा स्वामी सहजानंद सरस्वती तिचे अध्यक्ष आणि आंध्रचे प्रा. एन. जी. रंगा सरचिटणीस होते. सभेचे दुसरे अधिवेशन फैजपूरला काँग्रेसच्या जोडीनेच भरले आणि त्याचे अध्यक्षपद रंगांकडे आले. या अधिवेशनासाठी पाचशेहून अधिक किसान मनमाडहून पायी निघाले होते. वाटेत गावोगाव सभा घेत, किसान सभेच्या मागण्या समजावून सांगत त्यांनी दोनशेहून अधिक मैल तुडवले. रेल्वेच्या सरळ मार्गाने हे अंतर त्याहून बरेच कमी भरते, यावरून त्यांनी किती गावांना वळसे घातले असतील याची कल्पना येते. फैजपूरला त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, श्रीपाद अमृत डांगे, मिनू मसानी, युसूफ मेहेरअली अशी परस्परांशी फारसे न पटणारी मंडळीही एकत्र उभी होती.

अध्यक्ष रंगा हे गुंटूर जिल्ह्यातील निडुब्रोलू या तेलुगू शेतकरी गावचे. त्यांचा जन्म १९०० सालचा; ऑक्सफर्डला अर्थशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी आंध्रातील त्रिभुज प्रदेशाच्या खेड्यांचा आर्थिक अभ्यास करून तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि काही काळ मद्रासच्या पच्चयप्पा महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे निडुब्रोलूलाच त्यांनी शेतकरी विद्यालय काढले, ज्यात खेड्यातील तरुणांना महसुलाचे कायदे, शेतीचे अर्थकारण आणि संघटनेचे काम शिकवले जाई. शेतकऱ्याच्या मुलाने आपल्याच गावाचा हिशेब शिकून घ्यावा, ही कल्पना त्या काळात नवी होती आणि तिचे महत्त्व अजून उतरलेले नाही.

निडुब्रोलू आणि फैजपूर ही गावे जमिनीच्या दृष्टीने एकमेकांहून अगदी वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोदावरीवर धवळेश्वरम येथे आणि कृष्णेवर बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे बंधारे झाल्यापासून आंध्र किनाऱ्यावर कालव्याच्या पाण्यावरची भातशेती फोफावली होती; खान्देशात मात्र कापूस आणि ज्वारी पावसावर, आणि बागायत विहिरीच्या मोटेवर. आंध्रात रयतवारी गावांच्या शेजारीच वेंकटगिरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या, जेथे कूळ सरकारऐवजी जमीनदाराला खंड देत असे. इतका फरक असूनही मंदीने दोन्हीकडे एकच पेच उभा केला : भाताचा असो वा कापसाचा, भाव पडला, सारा, खंड आणि कर्ज मात्र जुन्या भावाच्या हिशेबाने वसूल होत राहिले. म्हणूनच तेलुगू रयतेमध्ये वाढलेल्या पुढाऱ्याला कापसाच्या मुलखातील शेतकऱ्यांसमोर बोलताना विषय बदलावा लागण्याचे कारण नव्हते.

किसान सभेने ऑगस्ट १९३६ मध्ये मुंबईत आपला जाहीरनामा तयार केला होता, आणि काँग्रेसने फैजपूरला मंजूर केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमावर त्याचा ठसा स्पष्ट आहे. सारा व खंड यांत भरीव कपात, न परवडणाऱ्या लहान खात्यांना त्यांतून मुक्ती, खंडाच्या थकबाकीची माफी, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, वेठबिगार व सरंजामी वसुली यांचा अंत, मोठ्या शेती उत्पन्नावर कर, सहकारी शेतीचा प्रयत्न, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी आणि शेतकरी संघटनांना मान्यता, अशा तेरा कलमांचा तो कार्यक्रम होता. जमीनदारी नष्ट करण्याचे कलम मात्र त्यात आले नाही, आणि किसान सभेच्या डाव्या गटाला हे फार खटकले. तरीसुद्धा सारा, खंड आणि सावकारी यांची नावे घेऊन राष्ट्रीय संस्थेने इतकी नेमकी मांडणी त्यापूर्वी केलेली नव्हती. निवडणुका महिन्याभरावर असताना ती झाली, म्हणून तिला केवळ मते मिळवण्याचा डाव म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिच्यामागे मंदीतील सहा-सात वर्षांचा अनुभव आणि शेकडो मैलांची पायपीट होती.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. १९३७ च्या उन्हाळ्यानंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ साली कुळकायदा व शेतकरी कर्जनिवारण कायदा मंजूर झाले. आंध्रात मनमाड–फैजपूर मोर्चाहून कितीतरी मोठी पदयात्रा निघाली. उत्तरेकडील इच्छापुरमपासून नऊ जिल्ह्यांतून, दीड हजार मैलांहून अधिक अंतर १३० दिवसांत तोडून ती मार्च १९३८ मध्ये मद्रासच्या विधिमंडळासमोर अर्ज घेऊन पोहोचली. खान्देशात साने गुरुजींनी १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले आणि शेतकऱ्यांचा प्रश्न लावून धरला. काँग्रेसची पुढची अधिवेशनेही फैजपूरच्या धर्तीवर झाली, त्यांतले १९३८ चे हरिपुरा अधिवेशन तर तापीकाठीच, पण गुजरातेत, भरले. रंगा पुढे वेगळ्या वाटेने गेले : १९५९ साली काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला, तेव्हा स्वतःच्या जमिनीवर राबणाऱ्या शेतकऱ्याची मालकी त्यामुळे जाईल असे मानून त्यांनी पक्ष सोडला आणि नव्या स्वतंत्र पक्षाचे ते अध्यक्ष झाले. फैजपूरच्या तेरा कलमांत सहकारी शेतीही होती, हे लक्षात घेतले तर त्या कार्यक्रमाखाली किती भिन्न हितसंबंध एकत्र बसले होते ते दिसते.

त्या कलमांपैकी सर्वांत मागे राहिले ते शेतमजुरांचे. खान्देशात वर्षाच्या करारावर राहणाऱ्या शेतगड्याला सालदार म्हणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचे साल संपते आणि नवे ठरते, आणि रोख रक्कम, धान्य, कपडे यांत त्याचा मोबदला त्याच दिवशी बोलून घेतला जातो. मनमाडहून पायी आलेल्यांच्या मागण्यांत सारा भरणाऱ्या खातेदाराचा आवाज मोठा होता. ज्याच्या नावावर साराच नाही त्या सालदाराचा आवाज तेवढा उमटला नाही. किमान वेतनाचा कायदा झाला तो १९४८ साली, आणि त्यानंतरही सालदाराची मजुरी कायद्याच्या तक्त्यापेक्षा आखाजीच्या घासाघिशीवर अधिक ठरत राहिली.