चंद्रावर हवा आली कुठून?

१/ विज्ञानपटातील चुका हेरण्याचा छंद आपल्यापैकी अनेकांना असतो. छंद वाईट नाही. मात्र चूक सापडली की शोध संपला, असे मानू नये. ती तिथे कशासाठी ठेवली गेली, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. उदाहरणादाखल १९२९ सालचा जर्मन मूकपट घेऊ : 'फ्राऊ इम मोंड', म्हणजे चंद्रावरील स्त्री. दिग्दर्शक फ्रित्झ लांग, कथा थेआ फॉन हार्बू यांची. (याच हार्बूबाईंनी पुढे बेळगावकडचे पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी विवाह केला. तो वेगळ्या थ्रेडचा विषय.)

२/ ज्यूल व्हर्नने १८६५ साली आपले प्रवासी ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे धाडले होते. एवढ्याशा नळीत तो वेग गाठायचा, तर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून अधिक जोराचा धक्का बसेल आणि प्रवाशांचा लगदा होईल. १९०२ साली मेलिएसनेही तोफच वापरली. पण त्याची ती जादूची गंमत होती, तिच्याकडे हिशेब मागणे अरसिकपणाचे.

३/ लांगने मात्र हिशेब देण्याचे ठरवले. अग्निबाणशास्त्राचा आद्य अभ्यासक हेर्मान ओबर्थ याला त्याने सल्लागार नेमले. परिणाम आजही थक्क करणारा आहे. टप्प्याटप्प्याने सुटे होणारे यान. भव्य शेडमधून रुळांवरून उभेच बाहेर येणारे. उड्डाणाचा ताण सोसण्यासाठी आडवे झोपलेले प्रवासी. वजनरहित अवस्थेत पाय अडकवण्यासाठी जमिनीवर पट्टे. आणि उड्डाणापूर्वीची उलटी मोजणी! पडद्यावर आकडे उतरत जातात आणि शेवटी 'आता!'. ही युक्ती विज्ञानाची नव्हे, रंगभूमीची. एक, दोन, तीन असे मोजत गेल्यास उड्डाण नेमके केव्हा, हे प्रेक्षकाला कळणार नाही, असे लांगचे म्हणणे.

४/ आणि मग यान चंद्रावर उतरते. प्राध्यापक मानफेल्ट पाणबुड्यासारखा पोशाख घालून बाहेर पडतो, काडी ओढून पाहतो. ती पेटते, आणि तो शिरस्त्राण काढून टाकतो. चंद्रावर हवा!

५/ हे अज्ञान नव्हते. चंद्राच्या कडेआड जाणारा तारा मंद होत न जाता क्षणात नाहीसा होतो. त्यावरून तिथे म्हणण्याजोगे वातावरण नाही, हे खगोलशास्त्रज्ञ केव्हाच जाणून होते. पण लांगने यान उतरवले ते चंद्राच्या पलीकडल्या बाजूला. तिथे हवा असू शकेल, अशी कल्पना हान्सेन या खगोलशास्त्रज्ञाने १८५०च्या दशकात मांडली होती. ती पुढे खोडली गेली, तरी ती बाजू अजून कोणी पाहिलेली नव्हती. तिचे पहिले छायाचित्र सोव्हिएत 'लूना ३' यानाने १९५९ साली घेतले. थोडक्यात, खोटे लपवायला याहून सुरक्षित जागा त्या काळी मिळणे कठीण होते.

६/ आता कथानक पाहा. झटापटीत गोळी लागून प्राणवायूचा साठा गळतो. परतीच्या प्रवासात सर्वांना पुरेल इतका उरत नाही. कोणीतरी मागे राहिलेच पाहिजे. चंद्र निर्वात असता, तर मागे राहणे म्हणजे तत्काळ मृत्यू; मग नायकाचा त्याग आणि त्याच्यासोबत थांबलेली नायिका, हा शेवट उभाच राहिला नसता. म्हणजे ज्याला आपण भगदाड म्हणतो, तोच या वास्तूचा खांब आहे. शिवाय मूकपटात नटाचा चेहरा हीच त्याची वाणी. ती शिरस्त्राणात कोंडून कसे चालेल? माझ्या मते ही लबाडी क्षम्य आहे. चंद्रावरच्या सोन्याच्या लोभाचे प्रकरण मात्र रटाळ, आणि पाणाड्याची काठी घेऊन फिरणारा प्राध्यापक तर हास्यास्पद.

७/ चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ओबर्थने खरा अग्निबाण उडवून दाखवायचा होता. ते साधले नाही. पण १९३० साली त्याच्या प्रयोगांत मदतीला एक तरुण विद्यार्थी होता : वेर्नहेर फॉन ब्राऊन. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनम्युंडे येथून त्याच्या चमूचे जे क्षेपणास्त्र प्रथमच यशस्वीपणे झेपावले, त्याच्या तळाशी याच चित्रपटाचे चिन्ह रंगवलेले होते. पुढे त्याचे नाव व्ही-२ पडले. सप्टेंबर १९४४ पासून ते लंडनवर कोसळू लागले. आणि ते घडवणाऱ्या भूमिगत कारखान्यात राबवलेले हजारो कैदी त्याआधीपासूनच मरत होते.