ढाबळीतलं कबुतर आणि खिडकीतलं कबुतर

2025च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, मग ती ताडपत्री लोकांनी फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात चाललं होतं. त्या दिवसांत माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येत होते. एका बाजूला 'मुक्या जिवांचा शाप लागेल', दुसऱ्या बाजूला 'उडते उंदीर, मारून टाका'. दोन्ही बाजूंना माझी माणसं होती. मी गप्प बसलो, कारण मला राहून राहून आमचा मामा आठवत होता.

मामा गिरणीत होता. लालबागच्या चाळीच्या गच्चीवर त्याची ढाबळ होती. फळ्या, पत्रा, जाळी, सगळं भंगारातून आणलेलं. पाळीवरून आला की चहाच्या आधी गच्चीवर. मामी म्हणायची, "ह्यांचं लग्न कबुतरांशी लागलंय, मी आपली पाहुणी." कबुतरं काय, पुष्कळांनी पाळली. पण मामाचं वेड वेगळं होतं. तो पिशवीत कबुतर घालून लोकलनं लांब जायचा, तिथं सोडायचा, आणि घरी येऊन पहिला प्रश्न विचारायचा, "आलं का?"

या "आलं का?"चा इतिहास मी नंतर वाचायला लागलो. तो फार मोठा निघाला, आणि तो वाचल्यावर आजच्या भांडणाकडेही जरा वेगळं बघता येतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

आपल्याकडे कबुतरबाजी जुनीच. अकबराला तिचा भारी नाद. 'आईन-ए-अकबरी'त या खेळाला 'इश्कबाजी' असं नाव दिलंय आणि बादशहाकडे वीस हजारांवर कबुतरं असल्याची नोंद आहे. पण ती कबुतरबाजी म्हणजे डोक्यावरच्या आभाळातली कसरत, कोलांट्या आणि थवे. शेकडो कोसांवर नेऊन सोडायचं आणि घरी कोण आधी येतं ते बघायचं, ही आजच्या स्वरूपातली शर्यत बेल्जियमची. तिथं 1818मध्ये 160 किलोमीटरहून जास्त अंतराची पहिली शर्यत झाली. 1820मध्ये पॅरिस ते लिएज, 1823मध्ये लंडन ते बेल्जियम. त्यासाठी वेगवेगळ्या जातींचा संकर करून शर्यतीचं 'होमर' कबुतर तयार केलं गेलं. हे वाक्य लक्षात ठेवा: तयार केलं गेलं. शेवटी ते लागणार आहे.

त्या काळात ही चैन नव्हती, धंदा होता. 1850मध्ये ज्युलियस रॉयटरनं (हो, तोच, ज्याच्या नावाची वृत्तसंस्था आजही आहे) आखेन आणि ब्रुसेल्सच्या मध्ये बातम्यांसाठी कबुतरं ठेवली. दोन्हीकडची तार तयार होती, मधला सव्वाशे-एक किलोमीटरचा तुकडा राहिला होता. रेल्वेला जेवढा वेळ लागे त्याच्या निम्म्याहून कमी वेळात कबुतर शेअरचे भाव पोचवायचं. पुढे तार जोडली गेली आणि कबुतरांची नोकरी गेली. यंत्र आलं की कुणाची तरी नोकरी जाते, हे गिरणगावातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. (वॉटर्लूच्या लढाईची बातमी रॉथशिल्डला कबुतरानं कळवली नि त्यानं पैसा छापला, हा किस्सा मात्र दंतकथा आहे. कृपया फॉरवर्ड करू नका.)

मग 1870-71चा पॅरिसचा वेढा. प्रशियाच्या सैन्यानं शहर कोंडलं. पॅरिसकरांनी काय करावं? फुग्यात बसवून कबुतरं शहराबाहेर धाडली. बाहेरून ती सोडायची, शेपटीच्या पिसाला बारीक फिल्मवर उतरवलेली पत्रं बांधून. रेने दाग्रों नावाच्या छायाचित्रकारानं हजारो संदेश नखाएवढ्या फिल्मवर बसवले होते. तीनशेच्या आसपास कबुतरं सोडली, पोचली साठेक. कडाक्याची थंडी, धुकं, ससाणे, गोळ्या. तरी त्या साठ कबुतरांनी शहर जगाशी जोडलेलं ठेवलं. त्यानंतर युरोपातल्या सैन्यांनी धडाधड ढाबळी उभारल्या.

पुढची दोन महायुद्धं तर विचारूच नका. ऑक्टोबर 1918मध्ये वेढ्यात अडकलेल्या अमेरिकन तुकडीचा निरोप घेऊन 'शेर अमी' नावाचं कबुतर छातीत गोळी लागलेली, पाय लोंबकळत असताना पोचलं. ते आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. शंभर वर्षं त्याच्याबद्दल नर की मादी असा वाद होता. 2021मध्ये डीएनए तपासणी जाहीर झाली: नर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या शौर्यासाठी डिकिन पदक सुरू झालं. 1943मधली पहिली तीनही पदकं कबुतरांना मिळाली आणि त्या युद्धासाठी एकूण 32 कबुतरांना. कुत्र्यांना 18, घोड्यांना तीन, आणि युद्धानंतर एका मांजरालासुद्धा एक. ब्रुसेल्समध्ये 'सैनिक कबुतरा'चं स्मारक आहे, 1931चं.

आपल्याकडेही ओडिशा पोलिसांचं कबुतर दल 1946पासून होतं, सैन्याकडून मिळालेल्या कबुतरांवर उभं राहिलेलं. 1999च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या, वायरलेस बंद पडले, तेव्हाही ती कबुतरं कामाला आली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती शांततेच्या काळातली गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेत, वेल्समध्ये, बेल्जियमच्या आणि फ्रान्सच्या उत्तर भागात हा खेळ कुणाचा होता? खाणकामगारांचा. दिवसभर जमिनीखाली काळोखात राबणारा माणूस वर आल्यावर आभाळाकडे बघत बसायचा. घोडा पाळणं त्याच्या बापजन्मी शक्य नव्हतं, पण परसात चार फळ्यांची ढाबळ जमत होती. शर्यतीची कबुतरं टोपल्यांत भरून रेल्वेनं जायची. लांबच्या स्टेशनवरचा हमाल टोपली उघडायचा, सोडल्याची वेळ चिठ्ठीवर लिहायचा आणि रिकामी टोपली परत पाठवायचा. सगळा कारभार विश्वासावर. आणि गंमत बघा, ब्रिटनच्या राजघराण्यालाही तोच नाद. 1886मध्ये बेल्जियमच्या राजानं भेट दिलेल्या कबुतरांपासून सँड्रिंगहॅमची शाही ढाबळ सुरू झाली.

आता प्रश्न असा, की प्रत्येकाचं घर वेगळं, मग जिंकलं कोण हे ठरवायचं कसं? याची रीत मला फार आवडते. प्रत्येक ढाबळीचं अंतर स्वतंत्र मोजतात आणि अंतर भागिले वेळ, असा वेग काढतात. समजा तुमची ढाबळ 500 किलोमीटरवर आहे आणि कबुतर 400 मिनिटांत आलं, तर वेग मिनिटाला 1250 मीटर, म्हणजे ताशी 75 किलोमीटर. शेजारच्या गावातल्याचं अंतर 503 किलोमीटर आणि त्याचं कबुतर दोन मिनिटं उशिरा, 402व्या मिनिटाला आलं, तरी तो जिंकला. त्याचा वेग 1251 पडतो. पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात बंद वाळा घालतात. पाय मोठा झाला की तो ना घालता येत, ना काढता. तीच जन्मनोंद. शर्यतीला वर एक रबरी कडी. कबुतर आलं की ती काढून सीलबंद घड्याळात टाकायची, की वेळ छापली जाते. हल्ली चिप असते, उंबऱ्यावरच नोंद होते. पण जुन्या घड्याळाच्या काळात कबुतर पाचशे किलोमीटर उडून येऊन कौलावर निवांत बसलं, तर मालक खाली दाण्याचा डबा वाजवत रडकुंडीला यायचा. आत आल्याशिवाय वेळ धरत नाहीत!

आणि ते येतं कशासाठी? घरासाठी आणि घरच्यांसाठी. 'वैधव्य' नावाची एक पद्धतच आहे. नराला मादीपासून वेगळं ठेवायचं, शर्यतीआधी थोडा वेळ भेट घडवायची आणि लगेच टोपलीत घालायचं. मग तो जीव तोडून परत येतो. कल्पक म्हणा, क्रूर म्हणा. मला दोन्ही वाटतं.

रस्ता कसा सापडतो, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व, हवेतले वास, ओळखीच्या प्रदेशात चक्क रस्ते आणि वळणं, या सगळ्याला थोडाथोडा पुरावा आहे. आणि कधीकधी सगळंच फसतं. 29 जून 1997. ब्रिटनच्या शर्यत-संघटनेची शताब्दी. फ्रान्समधल्या नॉन्तहून 60 हजारांवर कबुतरं सोडली. हवा चांगली होती. दुपारी इंग्लंडभर माणसं अंगणात खुर्च्या टाकून आभाळाकडे बघत बसली. कबुतरं आलीच नाहीत. थोडी फार आली, बहुतेक कायमची हरवली. एका अमेरिकन भूशास्त्रज्ञानं पुढे मांडणी केली की, ऐन त्या वेळी कॉंकॉर्ड विमान त्याच वाटेवरून गेलं, आणि कबुतरं ज्या अतिमंद ध्वनीवर दिशा ओळखतात तो त्याच्या आवाजात बुडाला. सिद्ध झालेलं नाही, पण मनातून जात नाही.

आता पैसा. खाणी बंद पडल्या, जुने कबुतरवाले म्हातारे झाले, युरोपात हा खेळ ओसरला. त्याच वेळी चीनमध्ये तो श्रीमंतांचा झाला. 2019मध्ये 'अरमांडो' नावाचा बेल्जियन नर साडेबारा लाख युरोंना विकला गेला. नोव्हेंबर 2020मध्ये 'न्यू किम' ही दोन वर्षांची मादी 16 लाख युरोंना, तेव्हाच्या दरानं 14 कोटी रुपयांच्या घरात. पैसा आला की लबाडी आलीच. 2017मध्ये हनान प्रांतातून शांघायला होणाऱ्या शर्यतीत दोघांनी आपली कबुतरं दुधाच्या खोक्यांत लपवून बुलेट ट्रेननं आणली. दुसऱ्या वर्षी कोर्टानं दोषी ठरवलं. पुरावा नको म्हणून त्यांनी कबुतरं आधीच मारून टाकली होती. एवढं कशाला, मागं पडणाऱ्या पिल्लांची मान मुरगळणं हे या छंदाचं उघड गुपित आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

पहिली गोष्ट. 'कबुतरांमुळे फुफ्फुसाचा आजार होतो ही सगळी बनवाबनवी आहे' असं म्हणणाऱ्यांना नम्रपणे सांगतो, हा आजार मुंबईच्या वादातून जन्मलेला नाही. 1960च्या दशकात डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं ते कबुतर पाळणाऱ्यांमध्येच. इंग्रजीत त्याचं नावच मुळी कबुतरवाल्यांवरून आहे. पिसांची भुकटी आणि वाळलेली विष्ठा श्वासातून जाते, काहींच्या शरीराला ती सोसत नाही, वर्षानुवर्षं असंच चाललं तर फुफ्फुस कडक होत जातं. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याचा श्वास जातो. म्हणून युरोपातले जाणते कबुतरवाले ढाबळीत मास्क लावून शिरतात. कबुतरांवर जीव टाकणारी माणसं मास्क लावतात, हे ध्यानात घ्या. आमचा मामा शेवटची वर्षं खोकत होता. डॉक्टर म्हणाले, गिरणीतला कापूस. असेलही. ढाबळीबद्दल कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट, 'उडते उंदीर' म्हणणाऱ्यांसाठी. तुमच्या एसीवर बसलेलं कबुतर हे जंगलातून आलेलं संकट नाही. शहरातली कबुतरं पाळीव कबुतरांचे वंशज आहेत: ढाबळीतून सुटलेली, हरवलेली, शर्यतीत वाट चुकलेली. माणसानं त्यांना खायला घालून जास्त वेळा अंडी घालायला लावलं, घराची ओढ वाढवली, माणसाची भीती घालवली. आणि आता ती घर सोडत नाहीत, सारखी अंडी घालतात, माणसाला भीत नाहीत, म्हणून आपण चिडतो. पाळलं आपण, सोडलं आपण.

मग करायचं काय? स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरानं 1961 ते 1985 या काळात लाखभर कबुतरं मारली. संख्या होती तेवढीच राहिली, कारण दाणे पडत होते तोवर रिकामी जागा नवी पिल्लं भरून काढत होती. मग 1988पासून त्यांनी लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावलं, आणि देखरेखीखाली ढाबळी उभारून तिथली अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. जर्मनीतल्या काही शहरांनीही हाच मार्ग धरला, खऱ्या अंड्याच्या जागी खोटं अंडं ठेवायचं.

म्हणजे उत्तर ना पोत्यानं दाणे ओतण्यात आहे, ना विषात. ते मामाच्या गच्चीवर होतं: मोजकी कबुतरं, मोजका दाणा, रोजची सफाई आणि जबाबदार माणूस (मास्क लावलेला). महापालिकेला हे जमेल का? मला माहीत नाही. पण ताडपत्री आणि तलवारी यांच्या मधे हे कुणी बोलतही नाही, याचं वाईट वाटतं.

शेवटचं सांगतो. 1982चा संप लांबला तेव्हा घरात दाणा नव्हता, कबुतरांना कुठून येणार? मामानं सगळी कबुतरं कल्याणच्या एकाला विकली. चौथ्या दिवशी सकाळी सहा कबुतरं गच्चीवर हजर. मामा ती घेऊन कल्याणला गेला आणि देऊन आला. आठवड्यानं पुन्हा चार आली. त्यानं पुन्हा नेऊन दिली. तिसऱ्या वेळी दोन आली, तेव्हा मामी काही बोलली नाही. तिनं आपल्या ताटातला भात उचलला आणि गच्चीवर गेली.

ती चाळ आता नाही, तिथं टॉवर आहे. खिडक्यांना कबुतरांसाठी जाळ्या लावल्यात. लावायलाच हव्यात, लहान मुलं आहेत घराघरांत. पण जाळीबाहेर घुटमळणारं कबुतर दिसलं की शिवी देण्याआधी एक क्षण थांबा. त्याच्या पूर्वजांना घरी यायला आपणच शिकवलंय.

तुमच्याकडे कुणाची ढाबळ होती का? सांगली, मिरज, कोल्हापूर, मालेगावकडचे मित्र नक्की लिहितील. आठवणी लिहा. भांडायचं असेल तर भांडा, पण बाझलचं उत्तर देऊन भांडा.