चुन्याची निवळी आणि बर्लिनचे प्रवाळ

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो, तर टाकीतलं पाणी चक्क ताकासारखं पांढरं! रात्री चुन्याची निवळी थेंब थेंब सोडायची असते, तो नळ मी झोपेच्या घाईत जास्तच उघडा ठेवला होता. संध्याकाळपर्यंत तीन अ‍ॅक्रोपोरांचं मांस गळून खाली नुसते सांगाडे उरले. दोन वर्षं सांभाळलेले. ऑफिसात घोळ झाला तर जुनी आवृत्ती परत चढवता येते, इथे ती सोय नाही.

हो, चुन्याची निवळीच. लहानपणी आजी पाजायची ती. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून आपला दगडी सांगाडा बांधतात. समुद्रात लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि समुद्र काही संपत नाही. माझी टाकी संपते. निवळीने भर घालायची ही युक्ती १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी रूढ केली. जर्मनमध्ये तिला काल्कवासर म्हणतात, म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी. पण निवळी पडते जहाल. एकदम ओतली की कॅल्शियम कार्बोनेटचा साका होतो, आणि मग माझ्यासारखं ताक.

हळहळत जुनं वाचत बसलो. गंमत म्हणजे घरात प्रवाळ जगवायचं निम्मं गुपित १९६१ सालीच छापून आलं होतं. जकार्ताचे ली चिन एंग यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबिइस्ट' मासिकात आपली पद्धत सांगितली: समुद्रातले जीवजंतूंसकट दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे. बस्स. पण पाश्चात्त्य हौशी मंडळींना स्वच्छतेचं वेड. (आम्हा इंजिनियरांनाही. जे चालतंय त्याला एक यंत्र जोडल्याशिवाय चैन पडत नाही.) १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत पाणी ठिबकवणाऱ्या फिल्टरची लाट आणली. ते फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करत आणि तिथेच थांबत. नायट्रेट साचत जाई. मऊ प्रवाळ ते सोसत, अ‍ॅक्रोपोरासारखे नाजूक मात्र टिकत नसत.

उत्तर बर्लिनच्या हौशी लोकांकडे होतं. दीट्रिश श्ट्यूबर हे त्यांतलं मोठं नाव. त्यांनी फिल्टर काढूनच टाकला. जिवंत दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. वरणावरचा फेस आपण पळीने काढतो ना, तसा पाण्यातला मळ फेसाबरोबर काढायला स्किमर. डोक्यावर मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे, आणि निवळी. अ‍ॅक्रोपोरा नुसता जगला नाही, वाढला. इतका, की छाटावा लागला, आणि श्ट्यूबर यांच्या टाकीतले तुकडे जर्मनीभर घरोघरी गेले. मला या सगळ्या इतिहासात हे छाटणंच सर्वांत मोठं वाटतं. तोवर टाकीत मेलेल्या प्रत्येक प्रवाळाच्या जागी दुसरा समुद्रातूनच तोडून येत होता.

मागे मालवणला भाचा म्हणाला होता, "मामा, इथलाच एक तुकडा ने की." त्याला म्हटलं, बाबा रे, २००१ पासून हे सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. हात लावू नकोस.

असो. परवा इथल्याच एका हौशी बाईंनी त्यांच्या अ‍ॅक्रोपोराची बोटभर फांदी छाटून दिली. त्यांनाही ती कुणीतरी अशीच दिलेली. दगडावर चिकटवली आहे. नळाला आता सलाईनची चकती लावलीय, दोन सेकंदांना एक थेंब. रात्री दोनदा उठून मोजतो.