टेनपेनी, फ्रँक
‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ (2004) या ओपन-वर्ल्ड व्हिडिओ गेममधील खलनायक, लॉस सँटोसचा भ्रष्ट पोलीस अधिकारी. आवाज सॅम्युएल एल. जॅक्सन यांचा. आईच्या अंत्यविधीसाठी घरी परतलेल्या कार्ल जॉन्सनला तो वाटेतच अडवतो, त्याचे पैसे लाटतो आणि आपल्याच पथकाने केलेल्या एका पोलिसाच्या खुनात गोवण्याची धमकी देऊन त्याला राबवून घेतो. पुढे त्याच्यावर चाललेल्या खटल्यातून तो सुटताच शहरात दंगल उसळते; 1992 च्या लॉस एंजेलिस दंगलीची छाया इथे स्पष्ट दिसते. खेळाडू स्वतः गुन्हेगार, तरी चीड येते ती वर्दीतल्या गुन्हेगाराची. या कथेचे खरे बळ यातच आहे.