सिरीजचा दिवा

भजन असो वा कव्वाली, एकेकाळी सगळ्यांचा आवाज काचेच्या व्हॉल्व्हमधून मोठा होई. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी या नळीत तारेची जाळी बसवली. पुढे त्यातूनच ॲम्प्लिफायर घडला. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला. तरी माझ्या लहानपणी आमच्या पिशोरात सप्ताहाचा आणि उरुसाचा भोंगा व्हॉल्व्हवरच बोलत असे.

एकदा सप्ताहात भोंग्यातून बारीक गुणगुण येऊ लागली. चाचांनी घरीच कंडेन्सर बदलला. बटण दाबले, तर गुणगुणीचा घुमारा झाला! भजनाला दोन तास उरले होते.

मी म्हणालो, ‘‘चाचा, व्हॉल्व्ह गेला.’’

‘‘त्याला नाव ठेवू नकोस. काल तो गात होता. आधी आपण हात कुठं लावला ते बघ.’’

त्यांनी विजेच्या वाटेत १०० वॅटचा बल्ब जोडला. मेकॅनिक त्याला ‘सिरीज’ म्हणत. यंत्र ठीक असेल तर बल्ब चमकून मंदावतो; आत शॉर्ट असेल तर लख्ख पेटतो, पण यंत्र वाचते. आमचा लख्ख पेटला. कंडेन्सरचे अधिक-उणे उलटे लागले होते. बंद यंत्राच्या कंडेन्सरमध्येही ३०० व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. म्हणून चाचांनी आधी ते रेझिस्टरमधून उतरवले, मग दुसरा कंडेन्सर सुलटा लावला. बल्ब मंदावला. भजन वेळेवर सुरू झाले.

गिटारवादक आजही व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर हौसेने वापरतात. घरच्या दुरुस्तीनंतर त्यांनाही हाच नियम लागू. आणि कविता सुधारता सुधारता बिघडली, की मीही शेवटी हात लावलेला शब्दच आधी तपासतो.