लाखोळीचे विष आणि मज्जापेशीचे दार

आपल्या पूर्व विदर्भात धानाची कापणी होण्यापूर्वीच ओल्या बांधीत लाखोळी फेकण्याची जुनी रीत आहे. पाण्याने दगा दिला तरी हे पीक तग धरते. म्हणूनच ती गरिबाची डाळ, आणि दुष्काळात तिचाच घात.

पुढे ज्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर झाली, त्यातील सागरकडची हकीकत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. १८२९ पासून लागोपाठ गहू बुडाला आणि लोक याच डाळीवर जगले. १८३३ पासून तिशीच्या आतील माणसांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. कमावती पिढीच खाटेला खिळली!

दोष डाळीचा, हे कळले. पण डाळीतील कशाचा? १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आडिगा आणि सर्मा यांनी ते विष वेगळे काढले. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. त्याची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती निघाली, आणि इथेच गोष्ट रंगते.

मज्जापेशीच्या आवरणात प्रथिनांची दारे असतात. ग्लुटामेट आले की दार उघडते, निरोप पोचतो, दार मिटते. ही दारे त्या काळी डोळ्यांना दिसत नव्हती. मग शास्त्रज्ञांनी निरनिराळी रसायने किल्ल्यांसारखी लावून पाहिली. जपानी समुद्रशैवालातील कायनिक आम्लाने जे दार उघडले ते कायनेटचे. प्रयोगशाळेत घडवलेल्या आम्पाने उघडले ते आम्पाचे. किल्लीचे नाव कुलपाला मिळाले, असेच म्हणा ना! आपले ओडॅप मुख्यतः या आम्पाच्या दाराला लागते, हे १९८९ च्या सुमारास दिसून आले. दार नको तितके उघडे राहते आणि पेशी अतिउत्तेजनाने मरते. १९९३ साली उंदरांच्या मेंदूत तेच दार दुसऱ्या एका रसायनाने अडवले, तेव्हा ओडॅपची इजा टळली. कुलूप कोणते, याचा हा पुरावा.

दरम्यान १९६१ पासून या डाळीच्या विक्रीवर बंदी होती. थोड्या प्रमाणात, इतर अन्नाबरोबर खाणाऱ्याला धोका नाही, असे म्हणत नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षे तिच्याविरुद्ध झगडले. २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठवली. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले की बरेचसे ओडॅप त्याबरोबर निघून जाते. ते पाण्यात विरघळणारे आहे.